पोपटी सोडून सगळे रंग

आमच्या धाकट्या भावजींइतका ठाम माणूस अख्ख्या कोल्हापुरात नाही, आणि ठाम माणसांची कोल्हापुरात काही टंचाई नाही. भावजी म्हणजे माझे दीर. त्यांच्या मते जगात रंग दोनच. एक जांभळा, तो आमच्या तालमीचा. आणि दुसरा पोपटी, तो पलीकडच्या तालमीचा. तांबडे, निळे, पिवळे हे बाकीचे रंग देवानं जागा भरायला केले असावेत, त्यांच्याबद्दल भावजींची तक्रार नाही. शिवाजी पेठेबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही. तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि पाऊस सरून मैदान वाळलं की पुढचे सहा महिने कोण कुणाकडं चहा पितो आणि कोण कुणाला रस्त्यात ओळख दाखवतो हे त्या संघावरून ठरतं. भावजी धंद्यानं टेलर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे, इतकं अरुंद की छातीचं माप घ्यायचं तर गिऱ्हाइकाला बाहेर पायरीवर उभं करावं लागतं. तालमीच्या जर्सी, निशाणं, पताका, सगळं त्याच दुकानातून बाहेर पडतं. पोपटी कापड मात्र त्यांच्या मशीनच्या सुईखालून कधी गेलेलं नाही. एखादी बाई पोरीच्या फ्रॉकसाठी तसलं कापड घेऊन आली, तर भावजी अतिशय नम्रपणे सांगतात, “ताई, ह्या कापडाला आमची सुई चालत न्हाय.” बाई बिचारी कापड जाड आहे की काय म्हणून चिमटीत धरून बघत राहते.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या लग्नाच्या बस्त्याला झाली. माझं माहेर शिरोळकडचं. आमच्या गावाला ऊस माहीत, ट्रॅक्टर माहीत, कृष्णेचा पूर माहीत. फुटबॉल आम्ही टीव्हीवर चॅनल बदलताना मधे लागला तर तेवढा बघितलेला. साड्यांच्या दुकानात सगळे गादीवर बसले होते, आणि नवऱ्याचा हा धाकटा भाऊ एकेक साडी उचलून दारात उजेडाला नेऊन बघत होता. आमचे वडील खूश झाले. म्हणाले, पोरगं कपड्यातलं दिसतंय. शेवटी त्या पोरानं दोन साड्या बाजूला काढल्या आणि सांगितलं, “ह्या दोन न्हाय चालायच्या.”

आमच्या आत्यानं विचारलं, “का वो पावणं, रंग जातोय व्हय?”

“रंग जात न्हाय आत्या, हीच तर अडचण हाय.”

हिरव्या चुड्यावरूनही थोडी चर्चा झाली. कासाराकडच्या बांगड्या त्यांनी हातात घेऊन उन्हात फिरवल्या आणि “ह्यो गर्द हाय, चालतोय” असा निकाल दिला. मला त्या वेळी वाटलं की ह्यांच्या घरात कसलातरी नवस असणार. लग्नानंतर महिन्याभरात कळलं, की नवस परवडला असता. आमच्या घरात पोपटी बादली येत नाही, पोपटी साबण येत नाही, पेरू पिकून पिवळा झाल्याशिवाय पिशवीतून बाहेर निघत नाही. शेजारणीनं पोपट पाळला तेव्हा भावजी तिला आठवडाभर कबुतरांचे गुण समजावून सांगत होते. ते बिनलग्नाचे राहिले तेही याच पायी. मुलगी बघायला आम्हीच गेलो होतो. मुलगी शिकलेली, बोलायला मोकळी, पोहेही बरे झाले होते. भावजींनी दुसऱ्यांदा पोहे मागितले म्हणजे जमलंच, असं मी धरून चालले. तेवढ्यात तिचा भाऊ सरावाहून घरी आला. अंगात पोपटी जर्सी. भावजींनी बशी खाली ठेवली ती ठेवलीच. परत येताना मी रिक्षात त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणाले, “पोरगी सोन्यासारखी हाय वैनी. पण सणासुदीला मेव्हण्याच्या घरी जेवायला बसायचं आणि त्यो असला कपडा घालून वाढणार. माझ्या पोटात अन्न ठरंल व्हय?” त्या मुलीचं पुढं चांगलं झालं. आमच्याकडं मात्र मला जाऊ मिळाली नाही आणि घरातली चटणी-भाकरी एकटीला रेटावी लागली, याचा हिशोब मी भावजींना अधूनमधून ऐकवते.

असा माणूस स्वतः मोठा खेळाडू असेल असं कुणालाही वाटेल. भावजी तालमीचे राखीव गोलकीपर होते. सात वर्षं राखीव. सात वर्षांत मैदानात उतरले एकदाच, तेही मुख्य गोलकीपरच्या डोळ्यात माती गेली म्हणून, आणि तो डोळा धुऊन येईपर्यंत चेंडू त्यांच्या बाजूला आला नाही. “माझ्या हातनं तालमीनं एकबी गोल खाल्लेला न्हाय,” असं ते आजही सांगतात, आणि त्यात खोटं काढता येत नाही. खेळ सोडल्यावर त्यांनी सगळं लक्ष प्रेक्षकात राहण्यावर घातलं. त्यांचं ओरडणं स्टेडियमभर ओळखू येतं, कारण ते टेलरकीत ओरडतात. “अरे बचावाची शिलाई उसवली की!” “काजं एवढी मोकळी, बटणं कुठायत रे?” पंच चुकला की “टेप उलटा धरलाय!” पण पेनल्टी असली की हा माणूस मैदानाकडं पाठ करून उभा राहतो. गोल झाला की नाही हे ते मागच्या लोकांच्या तोंडाकडं बघून ओळखतात. मी एकदा विचारलं, एवढं तिकीट काढून जायचं आणि नेमकं बघायचं त्या वेळी पाठ फिरवायची, ह्यात काय अक्कल? तर म्हणाले, “मैदानावर एकच पाय दिसतोय वैनी. हिकडं हजार तोंडं दिसत्यात.”

आता आमच्या पृथ्वीबद्दल. पृथ्वी माझा मुलगा, एकुलता एक. त्यानं बालवाडीत अक्षर गिरवायच्या आधी चेंडूला लाथ मारली, याला जबाबदार भावजी. कातरकामातून उरलेल्या चिंध्या भरून त्यांनी त्याला पहिला चेंडू शिवला, जांभळा अर्थातच, संत्र्याएवढा. मग दर वाढदिवसाला एक बोट मोठा. आठव्या वर्षी तो चेंडू खऱ्या फुटबॉलएवढा झाला आणि त्या वर्षी भावजींनी खरा आणला. पोरगं चांगलं खेळतं हे मला फार उशिरा कळलं, कारण मला खेळातलं कळत नाही. मला एवढंच दिसायचं, की बाकीची पोरं चेंडूमागं पळतात आणि हा जिथं चेंडू येणार तिथं जाऊन आधीच उभा असतो. दहाव्या वर्षी त्यानं जेवताना सांगितलं, की मी पगारी खेळाडू होणार. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भाकरी मोडता मोडता “बरं” म्हटलं. भावजींच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्यांनी ते चटणीवर ढकललं. मी विचारलं, गृहपाठ झाला का?

स्वप्न वगैरे मोठे शब्द मला वापरता येत नाहीत. त्याला बूट लागत होते, ते मी बघितले. अंडी लागत होती, ती उकडली. शाळेत रजेचे अर्ज लागत होते, ते लिहिले. इतके लिहिले की मुख्याध्यापकांनी मला कोरा अर्ज सही करून ठेवायला सुचवलं. माझा नवरा शिरोलीच्या कारखान्यात लेथवर आहे. त्यानं पहाटेची पाळी मागून घेतली, म्हणजे संध्याकाळी पोराला मैदानावर नेता येतं. आणि भावजींनी माप घेतलं. दर महिन्याच्या एक तारखेला पृथ्वीला दुकानाच्या पायरीवर उभं करायचं आणि उंची, मांडी, पोटरी, छाती टेपनं मोजून वहीत लिहायचं. तीच वही, ज्यात पेठेतल्या माणसांच्या विजारींची मापं आहेत. कुणाच्या कमरेखाली आमच्या पोराची पोटरी, असा सगळा मामला. “मांडी पाव इंच वाढली,” असं ते मला संध्याकाळी येऊन सांगत, जसं काही ते वाढवायला त्यांनीच आत कापड सोडलं होतं.

खाण्यापिण्यातही त्यांनी हात घातला होता. सात वर्षांच्या पोराला उजाडता उजाडता दूधकट्ट्यावर न्यायचं, समोर म्हैस पिळून घ्यायची, फेसाळ ग्लास रिकामा करायला लावायचा आणि मग तलावाला फेरी मारायला पळवायचं. पहिल्या दिवशी पोरानं अर्ध्या फेरीत सगळं दूध बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत फॅट तपासते. मी भावजींना विचारलं, “सात फॅटचं दूध पोटात घालून घोडं तरी पळंल का हो? आधी पळवा, मग पाजा.” त्यांना ते पटलं. त्याच दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं की वैनींनी शास्त्र काढलंय. बाकी एखादी चूक दाखवली की पुरुष आठ दिवस तोंड फिरवून बसतात. भावजींना चूक दाखवली की ते तिची जाहिरात करतात. हा गुण मला आवडतो, पण मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

पृथ्वी तेरा वर्षांचा असताना, म्हणजे गेल्या वर्षी, बाहेरच्या राज्यातल्या एका पगारी क्लबाची माणसं कोल्हापुरात पोरं निवडायला आली. निवडलेल्या पोराला त्यांच्या वसतिगृहात ठेवणार, शाळा तिथंच, खेळ तिथंच, आणि पोरगं टिकलं तर पुढं क्लबाच्या संघात. जागा दोन. पोरं आली दोनशेच्या वर. तीन दिवसांची चाळणी होती. पहिल्या दोन दिवसांत पृथ्वी टिकला. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, उरलेल्या बावीस जणांचा सामना घेऊन दोघांची नावं जाहीर करणार होते. शनिवारी दुपारी तो घरी आला, पाठीवरची पिशवी त्यानं कॉटखाली सरकवली आणि जेवायला बसला. मी डबा काढायला पिशवी उघडली, तर डब्याखाली घडी केलेली जर्सी. पोपटी. डोळ्यात भरेल अशी.

“हे काय?”

“क्लबची हाय. उद्या घालायचीय.”

“मग लपवतोस कशाला?”

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की आई शिरोळची आहे हे त्याला पुन्हा आठवलं असावं. “आई, रंग बघ की. त्यांच्या क्लबचा रंगच हा हाय. निवड झाली तर कायम हेच घालायला लागणार.”

“मग घाल.”

“काका न्हाय म्हणला, तर मी उद्या जात न्हाय.”

हे तो हट्टानं म्हणाला असता तर मी एक धपाटा दिला असता. पण तो भात कालवत शांतपणे म्हणाला. दहा वर्षं हा पोरगा ज्याच्यासाठी उठला, पळला, पडला, ते एका कापडापायी जाणार होतं. आणि तेरा वर्षांच्या पोराला ते बरोबर वाटत होतं, कारण त्याला वाढवलंच तसं होतं. समजूत घालणं मला जमत नाही. काम करणं जमतं. जर्सी मोठ्या माणसाच्या मापाची होती. बाह्या कोपराच्या खाली, पाठीवरचा आकडा विजारीत जाणारा. क्लबाच्या माणसांनी सांगितलं होतं, नीट बसवून आणा. मी ठरवलं, ही बाहेरून बसवून आणायची, सकाळी वरून जॅकेट चढवायचं आणि भावजींना सामन्याला येऊच द्यायचं नाही. शिवणारा कोण? मला बटणापलीकडं काही येत नाही. घरात टेलर असला की बाकीच्यांचे हात बसतात. मग डोकं लावलं. पोपटी कापड म्हणजे पोपटी दोरा हवा, आणि तो हमखास कुणाकडं असणार? पलीकडच्या तालमीच्या गल्लीत एक वयस्कर टेलरमास्तर आहेत, त्यांच्या जर्सी शिवणारे. मी सरळ तिकडं गेले. वीस वर्षं पेठेत राहून अशी चूक फक्त माहेरच्या डोक्यानं विचार करणारी बाईच करू शकते.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. “काय वैनी, वाट चुकलासा व्हय?”

मी जर्सी पुढं केली. काम सांगितलं. त्यांनी कापड बोटांत चोळलं, रंगाकडं बघून मान डोलावली आणि विचारलं, “माप कुणाचं?” मी सांगितलं. त्यांनी जर्सीची घडी केली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पायात चपला घातल्या.

“कुठं निघालासा?”

“तुमच्या दुकानात. ह्या पोराला मी वळखतो. गेल्या साली आमच्या पोरांवर दोन गोल मारल्यात ह्यानं. ह्याचं माप दुसऱ्याच्या वहीत हाय. मी हात लावणार न्हाय.”

मी त्यांना वाटेत तीनदा थांबवायचा प्रयत्न केला. म्हातारा माझ्यापेक्षा भरभर चालत होता. भावजींच्या दुकानासमोर तो उभा राहिला तेव्हा चौकातल्या दोघातिघांनी हातातला चहा खाली ठेवला. हे दोन टेलर एकमेकांशी किती वर्षांत बोलले नव्हते हे त्यांनाही आठवत नसावं.

“मास्तर,” म्हातारा म्हणाला, “तुमचं काम चुकून आमच्याकडं आलतं.”

भावजींनी पुडकं उघडलं. आणि लगेच मिटलं. मग माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. मी काही खाली मान घालणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी पायरीवरच्या खडूच्या रेघा मोजल्या.

“पोराचं हाय?”

“व्हय. उद्याच्या सामन्याचं.”

“रंग बघितलासा मास्तर?”

“बघितला की. आमचाच हाय.”

“मग तुम्हीच करा की.”

“आणि उद्या पोरगं कमी पडलं म्हणजे? अख्खी पेठ म्हणायची, म्हाताऱ्यानं मुद्दाम वाकडं शिवलं. ह्या वयात मला ते नको.”

भावजी मशीनसमोर बसले. पुडकं मांडीवर, हात पुडक्यावर. मशीनचं चाक त्यांनी उगाच एकदा पुढं, एकदा मागं फिरवलं. मग म्हणाले, “वैनी, पोराला पाठवा.”

पृथ्वी आला तो खाली बघतच. भावजींनी अर्धं शटर ओढलं, त्याला पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, “घाल. उलटी घाल.” पोरानं जर्सी उलटी करून घातली. आतली बाजू जरा फिकी होती, शिवणी वर आलेल्या. भावजींनी तोंडात टाचण्या धरल्या. बगलेत एक, बाहीला दोन, कमरेला चार. हात नेहमीसारखे चालत होते, नजर मात्र टाचणीच्या टोकापलीकडं जात नव्हती.

“तिथं हेच घालायचं व्हय?”

“व्हय.”

“रोज?”

“रोज.”

“पगार?”

“आत्ता न्हाय काका. मोठं झाल्यावर.”

भावजींनी खडूनं पाठीवर एक रेघ ओढली. “मग हो की मोठा.”

पलीकडचे मास्तर शटरखालून वाकून बघत होते. म्हणाले, “बगलेत पाव इंच जास्त ठेवलासा.”

“पोरगं वाढतंय. मला शिकवू नका.”

“शिकवत न्हाय वो. सांगतोय.”

जर्सी उलटीच मशीनवर गेली. मी न राहवून म्हटलं, “भावजी, आज तुमची सुई चालली म्हणायची.” ते वर न बघता म्हणाले, “वैनी, कापूस असू दे न्हायतर रेशीम, शिलाई उलट्याच बाजूनं मारत्यात. सुलटी बाजू मी बघितलेली न्हाय.” मग माझं लक्ष मशीनवरच्या रिळाकडं गेलं. दोरा जांभळा होता. मी काही विचारायच्या आत उत्तर आलं, “पोपटी दोरा दुकानात न्हाय. आणि आतनं कोण बघतंय?” दारात त्या रंगाचं अख्खं भांडार उभं होतं. मास्तर खिशात हात घालून आभाळाकडं बघत राहिले. दोरा काढून द्यायला ते आले नव्हते, आणि कुणी मागितलाही नाही.

रविवारी आम्ही सगळे मैदानावर. कारखान्याची सुट्टी सोमवारी असते, म्हणून ह्यांनी रजा टाकली होती. भावजी आले, आणि पहिली शिट्टी वाजायच्या आधी मैदानाकडं पाठ करून पायरीवर बसले. अख्ख्या सामन्याला. त्यांच्या समोर, दोन पायऱ्या वर, पलीकडचे मास्तर येऊन बसले होते, आणि भावजी त्यांचं तोंड वाचत होते. मास्तरांना ते लक्षात आल्यावर ते मोठ्यानं सांगायलाच लागले. “चेंडू त्याच्याकडं आला. एकाला काढलं. दुसऱ्याला काढलं. अरे दे की बाजूला... दिला! गेला, गेला, आत गेला!” गोल दुसऱ्याच पोराचा, पण चेंडू पृथ्वीनं दिलेला. उत्तरार्धात पांढऱ्या कपड्यातल्या एका दांडगट पोरानं पृथ्वीची जर्सी मागून धरली आणि असा हिसडा मारला की दोघंही आडवे झाले. सगळं मैदान ओरडलं. मी उठून उभी राहिले. भावजींनी पाठमोरं राहूनच विचारलं, “शिलाई सुटली?”

“न्हाय,” मास्तर म्हणाले. “उठलं पोरगं.”

“मी शिलाईचं विचारतोय.”

“न्हाय वो. चिरेबंद हाय.”

क्लबाच्या माणसानं कागदावरून नावं वाचली. पहिलं इचलकरंजीच्या पोराचं. दुसरं आमच्या पोराचं. ह्यांनी टोपी काढून परत घातली. मी बॅगेतली पाण्याची बाटली शोधायला लागले, ती माझ्या हातातच होती. पृथ्वी धावत वर आला आणि काकासमोर उभा राहिला, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपण पोपटी रंगात काकाच्या नजरेसमोर आहोत. त्यानं पटकन जर्सीचा खालचा काठ दुमडून आतली जांभळी शिवण वर काढली. भावजींनी ती बोटानं चाचपली, एक सुटलेला दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, “मान आखडली माझी. घरला चला.” त्या दिवशी आमच्याकडं मटण झालं. पलीकडचे मास्तर जेवायला होते. तांबडा रस्सा तिखट झालाय म्हणाले, आणि चार वाट्या प्याले.

पृथ्वी जाऊन वर्ष होत आलं. एक तारखेला त्याचा फोन येतो. जाताना भावजींनी त्याला एक टेप दिला होता. तो तिकडं स्वतःची मापं घेतो आणि आकडे सांगतो, भावजी वहीत लिहितात. “स्वतःच्या मांडीचं माप स्वतःला नीट घेता येत न्हाय,” असं कुरकुरतात, पण लिहितात. त्याच्या क्लबाच्या पोरांचे सामने रविवारी फोनवर दिसतात. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी भावजींनी मला दुकानात बोलावून विचारलं, “वैनी, ह्या फोनमधनं रंग काढता येतोय का?” मला वाटलं चेष्टा करतायत. प्रयोगशाळेतल्या एका पोरीला विचारलं, तिनं दोन मिनिटांत सगळा फोन काळापांढरा करून दिला. त्या दिवसापासून आम्ही पोराचे सामने तसेच बघत आलो. मी, हे, भावजी आणि बरेचदा पायरीवर पलीकडचे मास्तर. मास्तर एकदाच म्हणाले, “हे काय, सगळं करडं दिसतंय.” भावजी म्हणाले, “आमच्या फोनवर आम्ही बघू कसं बघायचं ते.” दर खेपेला सामना संपला की मी रंग परत लावायची, कारण मला कामावर दुधाच्या रिपोर्टचे तक्ते फोनवर बघावे लागतात.

मागच्या रविवारी सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांत सगळ्यांचीच पंचाईत झाली. दोन्ही संघ करडे. तिकडं सगळ्या पोरांचे केस एकाच मशीननं कापलेले. पृथ्वी चार बोटं उंच झालाय हे वहीत होतं, डोळ्यांना माहीत नव्हतं. ह्यांनी एका पोरावर बोट ठेवलं, मी दुसऱ्यावर. माझ्यावाला वळला, तर तो कुणी भलताच होता. स्वतःचं पोर ओळखू आलं नाही हे मी मनाला लावून घेतलं नाही. स्क्रीन लहान आहे. भावजी मात्र चष्मा पुसून पुन्हा लावून बघत राहिले. उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “वैनी, रंग लावा.”

“काय?”

“रंग लावा म्हटलं. आपला कुठला तेच कळंना झालंय.”

मी लावला. सगळा पडदा पोपटी झाला. पायरीवर बसलेले मास्तर फोन बघायला पुढं वाकले. भावजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नाकाशी धरला. मैदानाच्या कडेला एक पोरगा चेंडू येण्याआधी जाऊन उभा होता.

“ह्यो बघा,” भावजी म्हणाले. “ह्यो आपला.” आणि बऱ्याच वेळानं, “बाही दोन बोटं लांब हाय वैनी. तिथं बघणारं कोण न्हाय काय?”